सात मुलींचा मोबाइल नंबर

मला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत, एक नागपूरला, दुसरा भोपाळला, आणि दोघांनाही फोन करायला वेळ नसतो. तरीही मधली तीन वर्षं सरकारी कागदोपत्री मी सात मुली होतो. सात मुलींचा बाप नव्हे, साक्षात सात मुली. कॉलेजच्या यादीत त्या सात नावांपुढे जो मोबाइल नंबर लिहिला होता तो माझा होता, आणि आजकाल सरकारदरबारी माणसाला त्याच्या नंबरावरूनच ओळखतात. चेहऱ्याकडे पाहतो कोण?

ही भानगड सुरू झाली करोनाच्या दुसऱ्या वर्षी. माझ्या धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली. चांगले मार्क होते, बी.एस्सी.ला जायचं म्हणाली. आम्ही दोघे भाऊ मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, मोहगावात, शेजारी शेजारी राहतो. मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार, जे मी कधी लावत नाही आणि भावाची बायको कधी उघडं ठेवत नाही. कॉलेजचा प्रवेश ऑनलाइन होता, म्हणून भाऊ, पुतणी आणि मी सौसरला एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथला ऑपरेटर चाळिशीतला, गंभीर माणूस. त्यानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मार्क विचारले आणि मग म्हणाला, "मोबाइल नंबर बोलिए।"

पुतणीनं तोंड उघडलं. माझा भाऊ खोकला. पुतणीनं तोंड मिटलं.

तिच्याजवळ फोन होता. आईचा जुना, काचेला तडा गेलेला, पण चालू. मात्र आमच्याकडे मुलीचा नंबर बाहेरच्या कागदावर लिहीत नाहीत. बाहेर गेलेला नंबर कुठे कुठे फिरेल याचा नेम नसतो. आमच्या घरात हा कायदा कोणी केला, तर मीच केला. ती अकरावीत असताना कोणीतरी दोनदा फोन करून नुसतं "हॅलो" म्हणून ठेवून दिला होता. तेव्हा मी दोन्ही घरं बसवून भाषण केलं होतं. आयुष्यभर मराठी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, त्यामुळे चार माणसं समोर बसलेली दिसली की मला राहवत नाही.

"माझा नंबर लिहा," मी छाती पुढे काढून म्हणालो.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली. ज्यांच्या मुली कॉलेजात जाणार होत्या ते एकेक करून माझ्या ओट्यावर आले. "गुरुजी, आमच्या पोरीलेही तुमचाच नंबर देऊन राहिलो. तुम्ही भरवशाचे आहा." भरवशाचे म्हटलं की मी विरघळतो, हे गल्लीला ठाऊक आहे. एका नंबरावर एकच विद्यार्थी हा नियम पोर्टलला तेव्हा सुचला नव्हता. अशा चार मुली आमच्या गल्लीतल्या झाल्या, दोन मागच्या गल्लीतल्या, आणि सातवी कोण हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिची फी भरल्याचा संदेश मात्र दरवर्षी वेळेवर येत असे. मुलगी शिस्तीची असावी.

मग संदेशांचा पाऊस सुरू झाला. प्रत्येक संदेशाची सुरुवात "प्रिय छात्रा" अशी. इतक्या वर्षांच्या संसारात मला कोणी प्रिय म्हटलं नव्हतं, म्हणून सुरुवातीला मी ते बायकोला वाचून दाखवत असे. ती म्हणायची, "छात्रा, दळण आणून द्या."

खरी गंमत ओटीपीची. आमच्या पेन्शनच्या बँकेत एकदा मॅनेजरनं सगळ्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवून समजावलं होतं की ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका. मी ते मनावर घेतलं. फोनवर आवाज कोणाचाही काढता येतो. म्हणून मी ठरवलं की ओटीपी फोनवर सांगायचा नाही, निरोप्याजवळ द्यायचा नाही. जिचा असेल तिनं स्वतः यायचं, दारात उभं राहायचं, नाव, बापाचं नाव आणि वर्ग सांगायचा. मग मी चष्मा लावणार आणि वाचून दाखवणार.

ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. त्यातली तीन मिनिटं माझा चष्मा सापडण्यात जायची. त्यामुळे परीक्षा फॉर्मच्या दिवसांत आमच्या गल्लीत कॉलेजच्या मुली धावताना दिसत. एक कणकेचे हात तसेच वर धरून आली. एकीच्या डोक्याला मेंदी लावलेली होती. एकदा दोघी एकदमच दारात येऊन थडकल्या, आणि आलेला ओटीपी दोघींपैकी कोणाचा हे संदेशात लिहिलेलं नव्हतं.

"माझा आहे, गुरुजी, मी आताच बटन दाबून आली."

"मीही दाबूनच आली ना वो!"

मी न्यायाला धरून दोघींनाही सांगितला. परत धावल्या. दोघींचाही चुकला, कारण तो सातवीचा होता.

पुतणी मात्र धावत नसे. ती मधल्या दारातून येई, दाराशी उभी राही आणि शांतपणे विचारी, "मोठेबाबा, आला काय?" ती मला कधी उलट बोललेली मला आठवत नाही. नाव, बापाचं नाव, वर्ग हे सगळं तिलाही सांगावं लागे. नियम तो नियम. माझ्याच भावाचं नाव ती मला सांगायची आणि मी मान डोलवायचो. आता ते आठवलं की मला माझी लाज वाटते, पण तेव्हा फार जबाबदारीचं काम करतो आहोत असं वाटायचं.

पहिलं वर्ष घरूनच होतं. पुतणीच्या नावाची वर्गाची लिंक माझ्या फोनवर यायची, मी ती तिला पाठवायचो. पाठवल्यावर ती बरोबर उघडते का हे स्वतः तपासून पाहायचो. पहिल्याच दिवशी तपासून पाहिली तेव्हा मी अंगणात खुर्चीवर बसून दाढी करत होतो. लिंक उघडली, आणि एका मॅडमचा आवाज आला, "एक ही नाम से दो छात्राएँ दिख रही हैं। बेटा, कैमरा ऑन कीजिए।"

मी मास्तर माणूस. वर्गात शिक्षकानं सांगितलं की ऐकायचं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलेलं. मी कॅमेरा सुरू केला. पुतणीच्या नावाखाली, अर्ध्या तोंडाला साबण लावलेला, बनियनमधला एक मिशीवाला माणूस सगळ्या वर्गाला दिसला.

मग भिंतीपलीकडून आणि फोनमधून एकाच वेळी पुतणीचा आवाज आला, "मैडम, वो मेरे मोठेबाबा हैं।"

मॅडम भल्या होत्या. "कोई बात नहीं, बैठिए अंकल," म्हणाल्या. त्यांनी बस म्हटलं म्हणून मी बसलो, तो पुढे वर्षभर बसलोच. वनस्पतिशास्त्राचा एकही तास मी चुकवला नाही. पुतणी भिंतीपलीकडे वही घेऊन बसे, मी अलीकडे चहा घेऊन बसे. एकदा संत्र्याच्या झाडाच्या डिंक्या रोगाचा धडा निघाला. मॅडम चित्रातलं झाड दाखवत होत्या. आता आमच्या शेतात संत्र्याची झाडं आहेत आणि त्यांच्या बुंध्यातून डिंक गळताना पाहत मी म्हातारा झालो. मला कुठलं गप्प बसवतं? "मैडम, चित्र में नहीं, असली झाड दिखाता हूँ," म्हणून मी फोन घेऊन मागच्या वाडीत गेलो. बुंधा दाखवला, डिंक दाखवला, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कुठवर लावायची ते बोटानं दाखवलं. अर्धा तास समजावून सांगितलं. नंतर पुतणीकडून कळलं की वाडीत शिरताच चित्र अडकलं होतं, आणि सगळ्या वर्गानं अर्धा तास माझा डावा कान पाहिला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग ती परीक्षा आली.

ऑनलाइन चाचणी होती, दहा प्रश्न, तीस मिनिटं, लिंक एकदाच उघडणारी. दुपारी माझ्या फोनवर आली. मी पाहिलं तर दहा मिनिटं होऊन गेली होती. वेळ जातो आहे, पोरीचं नुकसान होईल, आणि एवढे तास ऐकून मला काय येत नाही, असं मनात आलं आणि मी बसलो सोडवायला. प्रश्न वाचले, विचार केला, बटणं दाबली. निकाल लगेच आला. दहापैकी चार.

मी हयातभर दुसऱ्यांच्या लेकरांना चार मार्क दिले होते. मला स्वतःला चार मार्क पडल्यावर ते किती कमी असतात हे समजलं. पुतणीला बोलावून निकाल दाखवला. तिनं तो पाहिला, पुन्हा पाहिला.

"हे तुम्ही कायले सोडवलं, मोठेबाबा?"

"अवं, वेळ संपून राहिला होता."

"मग मले आवाज द्यायचा ना. मी घरीच होती. इथंच, दाराच्या पल्याड."

हाक मारावी हे मला सुचलंच नव्हतं. फोन माझा, नंबर माझा, म्हणून परीक्षाही माझी, असं मी धरून चाललो होतो. तिनं पुढे दोन वर्षं इतका अभ्यास केला की ते चार मार्क कुठल्या कुठे झाकले गेले. पण त्या दिवसानंतर कुठलीही लिंक आली की मी आधी भिंतीवर थापट्या मारत असे.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि ती कॉलेजात पहिली आली. तिनं एकच गोष्ट मागितली. छिंदवाड्याला एम.एस्सी. करायचं. आमच्या घरातली एकही मुलगी आजवर शिकायला गावाबाहेर राहिलेली नाही. भाऊ वाईट माणूस नाही, पण काटोलकडून एक स्थळ आलेलं होतं आणि ती मंडळी उत्तराची वाट पाहत होती. भावानं मधला मार्ग काढला. "सीट लागली तर जाय. नाही लागली तर मंग काटोलवाल्याइले हो म्हणून टाकू." ती "बरं" म्हणाली. तिचा चेहरा मी पाहिला आणि ही सीट लागलीच पाहिजे असं मला आतून वाटलं.

पुन्हा सौसरचं सेंटर, पुन्हा तोच ऑपरेटर. मधल्या काळात पांढुर्णा हा आमचा नवा जिल्हा झाला होता, पण पोर्टलच्या यादीत तो सापडत नव्हता. त्यावरून मी ऑपरेटरशी वीस मिनिटं भांडलो, जणू जिल्हा त्यानंच लपवून ठेवला होता. मोबाइल नंबराच्या रकान्यात मागचाच नंबर आपोआप येऊन बसला. माझा. तो आम्ही तसाच राहू दिला.

पहिल्या यादीत तिचं नाव आलं! शुक्रवारी संध्याकाळी संदेश आला तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. सीट पक्की करायला शनिवारी पाच वाजेपर्यंत पोर्टलवर जाऊन ओटीपी टाकायचा होता. बाप-लेक दुपारी सेंटरवर जाणार होते. आणि मी? मी सकाळीच ठरवलं की एवढी मोठी गोष्ट झाली, शनिवार आहे, तर जामसांवलीला जाऊन मारुतीला नारळ वाहून यावं.

स्कूटीनं गेलो. गर्दी मुलखाची. रांगेत लागण्याआधी मी फोन बंद केला. देवाच्या दारात फोन वाजू नये हाही माझाच नियम, कोणी सांगितलेला नाही. दर्शन झालं, नारळ फुटला. प्रसाद घेऊन बाहेर आलो तर एक जुना विद्यार्थी भेटला, आता तोही मास्तर झालेला. त्यानं चहा पाजला. मी त्याला पुतणीच्या सीटबद्दल सांगितलं. अगदी सविस्तर. मग फोन सुरू केला तेव्हा पाच वाजायला बारा मिनिटं होती.

किती मिसकॉल होते ते मोजायची हिंमत झाली नाही. ओटीपीच्या संदेशांची रांग लागली होती, सगळे मेलेले. मी फोन लावला.

"मोठेबाबा!" तिचा आवाज फाटला होता. "आता नवीन पाठवून राहिली. येल तर लगेच सांगा."

ओटीपी आला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "असं फोनवर कसं..."

"मोठेबाबा, मीच बोलून राहिली ना!"

चष्मा स्कूटीच्या डिकीत होता आणि किल्ली कुठल्या खिशात ते आठवेना. जवळ एक फुलवाली बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला. बाई शिकलेली निघाली, पण तिचा आवाज फुलं विकण्याचा. एकेक आकडा तिनं असा ओरडून सांगितला की अर्ध्या पार्किंगला आमचा ओटीपी पाठ झाला. पलीकडे पुतणीनं तो टाकला. मग ती म्हणाली, "फिरून राहिलं." पुन्हा, "फिरूनच राहिलं." मी उन्हात उभा राहून ते न दिसणारं चाक फिरताना ऐकत होतो. मग ती म्हणाली, "बंद झालं." पाच वाजून गेले होते. सीट गेली होती.

भावानं फोन घेतला. "जाऊ द्या दादा. देवाच्या मनात नसल."

मला एवढा राग आला की फुलवाली मागे सरकली. देवाचा काय संबंध? फोन देवानं बंद केला होता का? ज्या सीटबद्दल आभार मानायला मी रांगेत उभा होतो, तीच सीट मी त्या रांगेत उभं राहून घालवली होती. त्या पोरीनं तीन वर्षं अभ्यास केला आणि मी तीन तास फोन बंद ठेवला. मी तिथेच एका दगडावर बसलो. आजवर मला माझा इतका तिटकारा कधी आला नव्हता.

सौसरला पोचलो तेव्हा ती सेंटरच्या बाकावर बसली होती. रडत नव्हती. रडत असती तर मी काहीतरी बोललो असतो. ऑपरेटर म्हणाला की दुसरी यादी निघेल, जागा उरल्या असतील तर नाव येऊ शकतं, पण पसंती आज पुन्हा भरावी लागेल. मी त्याला विचारलं, "नंबर बदल सकते हैं क्या?"

"बदल जाएगा। पुराने नंबर पे ओटीपी आएगा।"

भाऊ माझ्याकडे पाहतच राहिला. "दादा, पोरीचा नंबर टाकून राहिले काय? तुम्हीच तर म्हणत होते..."

"मीच म्हणत होतो. आता मीच सांगून राहिलो, बदल."

ओटीपी आला. दुकानात पाच-सहा माणसं दाखले काढायला उभी होती. त्या सगळ्यांसमोर मी तो मोठ्यानं वाचला, नाव न विचारता, बापाचं नाव न विचारता. ऑपरेटरनं तो टाकला आणि मान वर न करता म्हणाला, "नया नंबर बोलिए।"

पुतणीनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसांकडे पाहिलं. तिचा नंबर घराबाहेर कधी कोणी उच्चारला नव्हता. ती बाकावरून उठली, काउंटरपाशी गेली आणि दहाच्या दहा आकडे तिनं सरळ आवाजात सांगितले. ऑपरेटरला मधला एक कळला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सांगितले. दाखलेवाल्यांपैकी कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, त्यांना आपापल्या दाखल्यांची घाई होती. मी खिशातलं पेन काढून तो नंबर तळहातावर लिहून घेतला, कारण मलाही तो पाठ नव्हता. मी तर व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या नावावर बोट ठेवायचो आणि एरवी भिंत वाजवायचो.

दुसरी यादी पुढच्या आठवड्यात लागणार होती. ते दिवस भावानं काटोलवाल्यांना काही ना काही सांगून काढले आणि मी नुसते येरझारा घालून काढले. यादीच्या दिवशी सकाळी दोन्ही घरं माझ्या ओट्यावर जमली. भाऊ, भावाची बायको, माझी बायको, सगळे माझ्या फोनकडे डोळे लावून बसले. तीन वर्षांची सवय. माझा फोन वाजला, सगळे दचकले, मी चष्मा लावून वाचलं. सातवीला डिग्री घ्यायला कॉलेजात बोलावलं होतं.

तेवढ्यात मधल्या दारातून पुतणी आली. तडा गेलेला फोन तिच्या हातात होता. दाराशी उभ्या उभ्या तिचा अंगठा दोन-चार वेळा हलला, मग ती थोडं थांबली, मग पुन्हा हलला. आमच्यापैकी कोणालाही तिनं काही विचारलं नाही. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

"झालं," ती म्हणाली. "छिंदवाडा. पक्कं केलं."

भावाच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मला आनंद झाला, फार झाला, आणि आता आपलं काही काम उरलं नाही याचं जरा वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे. भाऊ मात्र अजून माझ्याकडेच पाहत होता.

"दादा, पक्कं म्हणजे एकदम पक्कं झालं काय?"

"मले काय विचारून राहिला?" मी म्हणालो. "तिले विचार."